परवडणारं गाव

ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी छोटीचा फोन आला. छोटी म्हणजे माझ्या खालाची धाकटी मुलगी. लग्न होऊन अमेरिकेला गेली, त्याला आता बारा वर्षं झाली. कॅन्सस राज्यात विचिटा नावाचं शहर आहे. तिथे विमानांचे कारखाने आहेत, त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका लहान कारखान्यात तिचा नवरा कामाला आहे. सलाम-दुआ झाली, शिरखुर्म्याचं दूध फाटल्याची तक्रार झाली, खालाच्या गुडघ्यांची चौकशी झाली आणि मग तिचा आवाज बदलला.

“आपा, तुला कागद वाचायची सवय आहे. मला एक गाव शोधून दे.”

“कसलं गाव?”

“जिथे माझ्या पोराला गांजाचं तेल औषध म्हणून देता येईल. आणि जिथलं भाडं आम्हाला झेपेल.”

घरात पाहुणे होते. मी फोन घेऊन गच्चीवर गेले.

आमच्या खानदानात शिष्यवृत्तीचे अर्ज भरणं, बँकेची पत्रं समजावून देणं, रेशन कार्डावरचं नाव दुरुस्त करून आणणं ही कामं माझ्याकडे येतात. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून मला सगळंच वाचता येतं असा लोकांचा समज आहे. पण असं काम कधी आलं नव्हतं. मी शंभर पानी वही घेतली, उन्हाळी सुट्टी होतीच, आणि दोन महिने रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघी फोनवर बसायचो. ती तिकडून वाचून दाखवायची, मी इकडे लिहायचे. त्या वहीतलं आज इथे मांडते आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं-मुली परदेशात आहेत, आणि “तिकडे काय, तिकडे सगळं चालतं” हे वाक्य आपण फार सहज बोलून जातो.

आधी मुलाविषयी. तो नऊ वर्षांचा आहे. त्याला लेनॉक्स-गॅस्टॉ नावाची मिरगी आहे. आपण ज्याला फिट येणं किंवा आकडी येणं म्हणतो ते त्याला रोज होतं, दिवसातून कितीतरी वेळा. कधी नुसती मान झुकते, कधी उभ्या उभ्या दोर कापल्यासारखा खाली कोसळतो. म्हणून सकाळी उठल्यापासून त्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं. या प्रकारच्या मिरगीवर एकदोन औषधांनी भागत नाही. त्याची पाच औषधं करून झाली होती.

इथे मला माझ्या वर्गातली गोष्ट सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात एका मुलीला आकडी आली. मी फळ्यावर लिहीत होते. मागे बाक पडल्याचा आवाज झाला. मी पोहोचेपर्यंत शेजारच्या वर्गातून कुणीतरी चप्पल घेऊन आलं होतं हुंगवायला, आणि कुणी कांदा फोडायला पळालं होतं. शिकलेले लोक हो, पगारी शिक्षक. त्या दिवशी मला स्वतःलाही काय करायचं ते नीट ठाऊक नव्हतं, हे कबूल करते. मुलीला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखान्यात न्यायचं, इतकंच असतं ते. त्या मुलीला पुढे साध्या गोळ्यांनी गुण आला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य औषध मिळालं तर मिरगीच्या १०० पैकी ७० रुग्णांच्या फिट थांबू शकतात. आपल्या सरकारी रुग्णालयांतही या गोळ्या मिळतात. तेव्हा पुढचं वाचून कुणी आपल्या मुलाला भांग पाजायला जाऊ नये. छोटीचा मुलगा उरलेल्या तिसांपैकी आहे.

गांजा आणि आकडी यांचा संबंध जोडला गेला तो मात्र अमेरिकेत नव्हे, आपल्याकडे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात विल्यम ओशॉनेसी नावाचा आयरिश डॉक्टर होता. १८३९ मध्ये त्याने गांजावर निबंध लिहिला. लिहिण्याआधी त्याने इथल्या जाणकारांना विचारलं होतं, आणि त्यांत हुगळीच्या इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली यांचं नाव त्याने आदराने नोंदवलं आहे. त्याच्या लिखाणात आकडीने बेजार झालेल्या चाळीस दिवसांच्या एका मुलीची हकीकत आहे. गांजाच्या अर्काचे थेंब देऊन ती बरी झाल्याचं तो सांगतो. छोटीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “म्हणजे आपल्याकडून गेलं आणि आता मी त्याच्यामागे गाव शोधत फिरतेय.”

आता तिकडची परिस्थिती. अमेरिकेत केंद्राचा कायदा एक आणि राज्यांचे कायदे अनेक. केंद्राने १९७० च्या कायद्यात गांजा सगळ्यात कडक यादीत टाकला, हेरॉइनच्या शेजारी. राज्यांनी मात्र एकेक करून औषधासाठी वाट मोकळी केली. कोलोरॅडोच्या मतदारांनी २००० साली केली. तिथे डॉक्टर गांजाचं औषध ‘लिहून’ देत नाही, कारण केंद्राचा कायदा आडवा येतो. तो फक्त शिफारस करतो. त्या शिफारशीवर राज्य सरकार कार्ड देतं आणि कार्ड दाखवून ठरावीक दुकानातून माल घ्यायचा. विमा कंपनी याचा एक पैसा देत नाही.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये सीएनएन वाहिनीवर डॉ. संजय गुप्ता यांचा कार्यक्रम झाला. त्यात कोलोरॅडो स्प्रिंग्ज या शहरातली शार्लट फिजी नावाची सहा वर्षांची मुलगी होती. तिला ड्रॅव्हे नावाची मिरगी होती, आठवड्याला ३०० च्या आसपास फिट येत. तिथल्या स्टॅन्ली बंधूंनी गांजाचं असं रोप वाढवलं होतं ज्यात नशा आणणारा टीएचसी हा घटक अगदी कमी आणि नशा न आणणारा सीबीडी हा घटक भरपूर. त्याच्या तेलाने शार्लटच्या फिट महिन्याला दोन-तीनवर आल्या. हे घराघरांत पाहिलं गेलं आणि देशभरातून शेकडो कुटुंबं सामान बांधून कोलोरॅडो स्प्रिंग्जला निघाली. कुणी नोकरी सोडली, कुणाचा नवरा जुन्या गावी कामावर आणि बायको-मूल इकडे, अशी घरं दुभंगली. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘गांजाचे निर्वासित’ म्हटलं. आपल्याकडे निर्वासित शब्दाला जे वजन आहे ते आठवून मला तो शब्द आधी खटकला. पुढे वाचत गेले तसा कमी खटकला.

गंमत अशी की ते शहर गांजाचं स्वागत करणारं म्हणून ओळखलं जातच नव्हतं. लष्कराची छावणी, हवाई दलाची अकादमी, कडव्या ख्रिस्ती संस्थांची मुख्यालयं, असं ते गाव. औषधाची दुकानं होती, पण शौकासाठी विकायला राज्याने परवानगी दिल्यावरही शहराने ती अनेक वर्षं रोखून धरली. २०२४ च्या मतदानात कुठे लोकांनी ती मोकळी केली. मग या आयांना तिथे काय मिळालं? दुसऱ्या आया मिळाल्या. कुठला डॉक्टर ऐकून घेतो, कुठला घरमालक कटकट करत नाही, थेंब किती वाढवायचे आणि कधी थांबायचं, हे सांगणाऱ्या. नवख्या शहरात आपल्या लोकांना आपण मशिदीत शोधतो ना, तसंच.

छोटीलाही आधी तिथेच जायचं होतं. मी वहीत पहिलं पान कोलोरॅडो स्प्रिंग्जचं केलं. डेन्व्हरपेक्षा स्वस्त, पण विचिटाच्या हिशेबाने भाडं फारच. मग त्याच रस्त्याने दक्षिणेला प्वेब्लो आलं. प्वेब्लो हे पोलादाचं गाव. १९८० च्या दशकात कारखाना आटला आणि हजारो लोक घरी बसले. म्हणूनच तिथली घरं स्वस्त. या गावाने गांजाला खरंच दार उघडलं. २०१६ मध्ये हा धंदा बंद करावा असा प्रस्ताव मतदानाला आला, तो लोकांनी पाडला. गांजा पिकवणाऱ्यांवरच्या करातून तिथला जिल्हा स्थानिक मुलांना कॉलेजची शिष्यवृत्ती देतो. हे वाचून मी चष्मा काढून पुसला. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारी बाई मी. दारूच्या करावर आपल्या राज्याचा गाडा चालतो तेव्हा आपण काही म्हणत नाही, तरी हे गळ्याखाली उतरायला वेळ लागला.

छोटी खूश झाली. मी म्हटलं, थांब. लहान मुलांच्या मेंदूचा डॉक्टर कुठे बसतो? मोठं बाल रुग्णालय डेन्व्हरजवळ ऑरोरात, म्हणजे प्वेब्लोहून दोन तासांच्या पुढे. त्याची शाखा २०१९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला निघाली, ती जवळ, पण तरी पाऊण तास. ज्या मुलाची फिट थांबली नाही तर मिनिटं मोजावी लागतात, त्याच्यासाठी घरभाड्यातून वाचलेले पैसे आणि हा पाऊण तास एकाच तराजूत घालायचे. तिने ते पान दुमडून ठेवायला सांगितलं.

स्वस्त घराचीच आणखी एक गोष्ट. अमेरिकेत गरिबांना भाड्यात सरकारी मदत मिळते. पण तो पैसा केंद्राचा. त्यामुळे अशा घरासाठी नव्याने अर्ज करणाऱ्याने औषध म्हणून गांजा घेतो असं सांगितलं, तर राज्याचं कार्ड असूनही त्याला घर नाकारायचं, असा केंद्राच्या गृहखात्याचा नियम आहे. ज्याला स्वस्त घराची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच तोंडावर दार बंद. छोटीचा नवरा कमावता आहे, तिला ती मदत लागत नाही. पण व्हीलचेअरवरचे, अपंगत्वाच्या पेन्शनवर जगणारे किती रुग्ण असतील, ते गाव शोधायला निघाले की पहिल्याच दारात अडखळत असतील.

शाळेचं पान मात्र मी स्वतःहून लांबवलं. कोलोरॅडोत जॅक स्प्लिट नावाचा मुलगा होता, व्हीलचेअरवरचा, दुखण्याने बेजार. दुपारचं औषध शाळेत देता येत नव्हतं. शाळांना भीती, की केंद्राचा निधी जाईल. त्याने आणि त्याच्या आईने विधिमंडळापर्यंत हा प्रश्न नेला आणि २०१६ मध्ये कायदा झाला, की आई-वडिलांना किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाला शाळेच्या आवारात येऊन ते औषध देऊ द्यावं, धुराच्या रूपात नव्हे. जॅक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला, पंधरा वर्षांचा होऊन. २०१८ मध्ये शाळेच्या नर्सलाही औषध देण्याची मुभा मिळाली. म्हणजे मधली दोन वर्षं आईने रोज दुपारी काम सोडून शाळेत यायचं, दोन थेंब द्यायचे, परत जायचं. कुठली नोकरी हे चालवून घेते? मला आमच्या शाळेतल्या त्या आया आठवल्या ज्या मधुमेहाच्या मुलाला सुई टोचायला मधल्या सुट्टीत फाटकापाशी उभ्या असतात. त्यांना आम्ही आत बसायला खुर्ची देतो का, याचा विचार मी त्या रात्री पहिल्यांदा केला. जूनमध्ये शाळा उघडल्यावर कार्यालयाबाहेर दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. मुख्याध्यापकांनी काही विचारलं नाही.

तिसरं पान ओक्लाहोमा राज्यातल्या टल्साचं. कॅन्ससच्या खालचंच राज्य. विचिटाहून सीमा तासाभरावर, टल्सा तीन तासांत. २०१८ च्या जूनमध्ये तिथल्या मतदारांनी औषधी गांजाचा कायदा मंजूर केला आणि तो इतका सैल, की कुठल्या आजाराला द्यायचं याची यादीच नाही. डॉक्टरला पटलं की झालं. मुलांसाठी दोन डॉक्टरांच्या सह्या लागतात. कार्ड दोन वर्षांचं, शुल्क १०० डॉलर, आणि गरिबांच्या सरकारी विम्यावर असलेल्यांना २०. केवळ कार्ड आहे म्हणून घरमालकाने घर किंवा शाळेने प्रवेश नाकारू नये, असंही कायद्यात लिहिलं आहे, अर्थात त्यामुळे त्यांचा केंद्राचा फायदा बुडत नसेल तरच. घरभाडं विचिटासारखंच. विमानदुरुस्तीचा मोठा तळ तिथे आहे, म्हणजे दुल्हाभाईंना काम मिळण्याची आशा. मशीद आहे, मुसलमान मुलांची शाळा आहे. छोटी घरून दवाखान्यांची बिलं तयार करण्याचं काम करते. बाहेरच्या राज्यातून असं दूरचं काम घेऊन टल्साला राहायला येणाऱ्यांना तिथली एक संस्था निवडून १०,००० डॉलर देते, तेही तिने शोधून काढलं.

“मग सीमेपलीकडे जाऊन नुसतं तेल आणलं तर?” तिने एकदा विचारलं. तासाभराचा तर रस्ता.

नाही चालत. पाहुण्यासाठी ओक्लाहोमाचं तात्पुरतं कार्ड आहे, पण ज्याच्याकडे स्वतःच्या राज्याचं कार्ड आहे त्यालाच. कॅन्ससमध्ये कार्डच नाही. आणि राज्याची सीमा ओलांडून गांजा नेणं हा केंद्राचा गुन्हा, दोन्ही बाजूंना परवानगी असली तरी. कॅन्ससने २०१९ मध्ये दोन आजारी बहिणींच्या नावाने एक छोटा कायदा केला. ठरावीक प्रमाणापेक्षा कमी टीएचसी असलेलं तेल जवळ सापडलं आणि डॉक्टरचं पत्र असलं, तर कोर्टात तो बचाव म्हणून मांडता येतो. बचाव मांडायला आधी कोर्टात उभं राहावं लागतं, एवढंच.

यातून मला जे दिसलं ते छोटीला सांगणं सोपं नव्हतं. ज्या गावात हे औषध सुरू होतं त्या राज्यात तो रुग्ण अडकतो. मिरगीचं कुठलंच औषध एकदम बंद करता येत नाही, फिट उसळून येतात. मग विचिटात राहिलेल्या नणंदेच्या घरी चार दिवस राहायला जायचं तर तेल कसं नेणार? आणि इथे? आपल्या १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात गांजा बसतो. भांगेची पानं त्या व्याख्येबाहेर आहेत म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात, पण असं तेल घेऊन मुंबईच्या विमानतळावर उतरणं म्हणजे संकट ओढवून घेणं. खालाने नातवाला एकदाच पाहिलं आहे, तो दोन वर्षांचा होता तेव्हा. तिला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता तेलाविषयी. मी डॉक्टर नाही, पण छोटीने पाठवलेलं वाचलं. या सगळ्या गदारोळातून एक चांगली गोष्ट निघाली, की सीबीडीवर नीट संशोधन झालं. २०१७ मध्ये ड्रॅव्हेच्या १२० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना खरं औषध दिलं त्यांच्या मोठ्या फिट महिन्याला सरासरी १२ वरून ६ वर आल्या. ज्यांना नुसतं चवीचं तेल दिलं त्यांच्या १५ वरून १४. काहींना जुलाब, काहींना पेंग, काहींच्या यकृतावर परिणाम. २०१८ च्या जूनमध्ये एपिडिओलेक्स नावाने हे शुद्ध औषध केंद्राने मंजूर केलं, ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दोन्हींसाठी. ते कॅन्ससमध्येही मिळतं, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. बाजारात आलं तेव्हा वर्षाची किंमत सुमारे ३२,५०० डॉलर होती, पण ते केंद्राने मंजूर केलेलं असल्याने त्यासाठी विम्याकडे जाता येतं. छोटीच्या मुलाला विम्यातून तेच चालू आहे. त्याने पडणं कमी झालं, थांबलं नाही. आणि तिला ओळखीच्या एका आईने सांगितलं होतं, की दुकानातलं ते शुद्ध औषध पुरं पडत नाही, थोडा टीएचसी असलेलं पूर्ण झाडाचं तेल हवं.

त्यावर मी तिला एक आकडा वाचून दाखवला. दाखवावा की नाही यावर दोन दिवस घालवले होते. कोलोरॅडोच्या बाल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये असं तेल घेणाऱ्या ७५ मुलांच्या नोंदी तपासल्या. फिट निम्म्याहून कमी झाल्या असं साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आई-वडिलांनी सांगितलं. पण जे आधीपासून कोलोरॅडोतच राहत होते त्यांच्यात हे प्रमाण १०० ला २२ होतं, आणि जे घर सोडून तिथे आले होते त्यांच्यात ४७. तेल तसंच, आजार तसेच.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “घर विकून आलेली आई कशी सांगेल, आपा, की फरक पडला नाही?”

मी काही बोलले नाही. वर्गात निकाल वाचताना पोरांचे चेहरे पाहिलेत मी. आपल्याला हवं ते दिसायला किती घाई असते, ते मला माहीत आहे. त्या आया खोटं बोलत होत्या असं कुणी म्हणू नये. काहींच्या मुलांना खरंच फरक पडला असेल. पण कुठलं मूल त्यातलं, हे गाव बदलण्याआधी कुणालाच सांगता येत नाही, आणि गाव बदलल्यावर आई ते निवांतपणे बघू शकत नाही.

खालाच्या कानावर गेलंच शेवटी, औषधापुरतं. “नशेची चीज पोराच्या पोटात?” म्हणून ती दोन दिवस जेवली नाही. मी आमच्या मौलानासाहेबांकडे गेले. त्यांनी फतवा वगैरे काही दिला नाही. शांतपणे सगळं ऐकलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. हे सांगणारा जाणकार डॉक्टर आहे की ओळखीची बाई? आणि दुसरा कुठला इलाज करायचा राहिला आहे का? मसल्याचं उत्तर याच्यानंतर बघू, म्हणाले. मी ते दोन्ही प्रश्न जसेच्या तसे छोटीला पाठवले. पहिल्याचं उत्तर तिला आवडलं नाही.

यानंतरची गोष्ट माझ्या वहीत नव्हतीच. ती दुल्हाभाईंच्या एका सहकाऱ्याने सहज विचारली: तुम्ही अजून नागरिक झाला नाहीत ना?

नाही. मुलगा तिथे जन्मला, तो नागरिक. आई-वडिलांकडे ग्रीन कार्ड, त्याला चार वर्षं झाली होती. पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये तिथल्या नागरिकत्व खात्याने लेखी स्पष्ट केलं होतं, की गांजाचा संबंध राज्याच्या कायद्याने कितीही रीतसर असला तरी केंद्राच्या कायद्याने तो गुन्हाच, आणि अर्जदाराच्या ‘चांगल्या चारित्र्या’च्या अटीला तो बाध आणू शकतो. शिक्षा व्हायलाच हवी असं नाही, तोंडाने कबूल केलं तरी पुरतं. मुलाचं कार्ड काढायचं म्हणजे सांभाळणारी म्हणून सही छोटीची. दुकानातून घेणार ती, घरात ठेवणार ती, चमच्यात काढून देणार ती.

त्यांनी फी भरून वकील गाठला. वकिलाने फार वेळ घेतला नाही. म्हणाला, नागरिक होईपर्यंत कार्डाच्या कागदाला हात लावू नका, दुकानात पाऊल ठेवू नका, फोनमध्ये तसले फोटो ठेवू नका.

दोन महिने आम्ही विचारत होतो की कुठलं गाव रुग्णाचं स्वागत करतं. घरमालक करतो का, शाळा करते का, हे सगळं विचारलं. छोटीसारख्यांचं करतं का, हे विचारायचं राहिलं होतं. टल्सात तिच्या शेजारणीला जे कार्ड १०० डॉलरला मिळतं, त्याची किंमत छोटीला तिचं तिथलं राहणंच लागली असती. ज्यांची मुलं व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर तिकडे आहेत त्यांनी ही गोष्ट त्यांच्या कानावर जरूर घालावी. कॅलिफोर्निया असो, न्यू जर्सी असो, दुकानं उघडी दिसतात, सहकारी घेतात, झोपेसाठी एखादी गोळी म्हणून कुणी पुढे करतं. ज्याच्याकडे तिथलं नागरिकत्व आहे त्याचं निभावतं.

मौलानासाहेबांच्या दुसऱ्या प्रश्नाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. छोटीने तो विचिटातल्या डॉक्टरबाईंना विचारला, शब्दशः. बाई म्हणाल्या, एक उरलं आहे, मी मागे सुचवलं होतं, तुम्ही नको म्हणालात. किटोजेनिक आहार. जेवणात जवळजवळ सगळी चरबी, पीठ-साखर नावाला, आणि प्रत्येक घास ग्रॅममध्ये तोलून, आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. तेव्हा छोटी नको म्हणाली होती, कारण आपल्या घरात भात नाही, भाकरी नाही, मग पोराला वाढायचं काय? आणि पाहुणे आल्यावर त्याच्या पानाकडे सगळे बघणार.

आता ती ते करते आहे. सुरुवातीला चार दिवस रुग्णालयात राहावं लागलं. काल तिने स्वयंपाकघरातल्या काट्याचा फोटो पाठवला. काट्यावर वाटी, वाटीत लोणी, आकडा ३१. खाली लिहिलं होतं, ‘खालाला विचार, नारळाच्या दुधातली कोंबडी बिनकांद्याची होते का.’ खाला म्हणाली, होते, पण मिरी जास्त घाल. फिट कमी झाल्या का, ते मी विचारत नाही. डॉक्टरबाईंनी तीन महिने नुसती नोंद ठेवायला सांगितली आहे, आणि ती नोंद छोटी नाही, शाळेतली नर्स ठेवते आहे.

टल्साचं पान मी फाडलेलं नाही. अर्ज फेब्रुवारीत करता येईल.